सौम्य बोरन्हाण

मुलांना न मारता, न ओरडता आणि न घाबरवता वाढवावं, एवढ्या एका साध्या गोष्टीसाठी मला तीन अर्ज, एक हमीपत्र आणि पाच किलो बोरं लागली. बोरांबद्दल माझी तक्रार नाही. ती गोड होती.

आधी कारण सांगते, नाहीतर मला समाजकार्याची हौस आहे असा समज व्हायचा. मला तसली काही हौस नाही. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी मी आदल्या दिवसापासून सबब शोधते. पण डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या मुलीने, भार्गवीने, वय वर्षं पावणेतीन, दुधाचा पेला तिसऱ्यांदा उपडा केला आणि मी तिला मारलं. पाठीत. एकदाच, पण जोरात, आवाज झाला. ती लगेच रडली नाही. आधी तिनं मान वळवून बघितलं, मारणारी मीच आहे ना याची खात्री करून घेतली, आणि मग रडली.

माझा नवरा सुहास एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला होता. त्याला मी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मुलांना चापट्या सगळ्याच घरांत बसतात, आमच्याही घरी बसायच्या, आणि आम्ही काही वाया गेलो नाही, वगैरे मला माहीत आहे. मला भीती चापटीची नव्हती. मारताना क्षणभर मला बरं वाटलं होतं, त्याची होती. असं एकदा बरं वाटलं की दुसऱ्यांदा वेळ लागत नाही. आणि दूध रोजच पाजायचं असतं.

दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं त्यातून वाढत गेलं.

मी वाचायला सुरुवात केली. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला संकटात वाचण्यापलीकडे काही सुचत नाही. मोबाईलवर बघितलेल्या सगळ्या तज्ज्ञांचं एका मुद्द्यावर एकमत होतं: आई एकटी असली की चिडते, म्हणून तिने आपल्या परिसरात समविचारी पालकांचा आधारगट शोधावा. मी आमच्या सावेडीत शोधला. अ‍ॅबॅकसचे नऊ वर्ग सापडले, हस्ताक्षर सुधारण्याचे चार सापडले, बाळाच्या मालिशवाल्या दोन बायका सापडल्या. आधारगट नव्हता. तेव्हा तो आपणच काढावा असं ठरलं, म्हणजे माझ्या मनात ठरलं, आणि आमच्या सोनचाफा अपार्टमेंटच्या बायकांचा मी एक व्हॉट्सअ‍ॅप गट तयार केला. नाव ठेवलं ‘सौम्य पालकत्व, सोनचाफा’. पहिल्याच दिवशी साडेतीनशे शब्दांचं निवेदन टाकलं. शिक्षा का नको, भीती का नको, मुलाच्या ‘नको’चा मान का राखावा, असं सगळं त्यात होतं. दोनदा शुद्धलेखन तपासलं होतं.

पंधरा मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या रोहिणीताईंचं उत्तर आलं: ‘छान. आज पाणी येणार आहे का?’

त्यावर सतरा उत्तरं आली.

रोहिणीताईंची दोन मुलं आता आठवीत आणि दहावीत, त्यामुळे पालकत्व हा विषय त्यांच्या दृष्टीने उरकलेला. त्या जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘अगं, एवढं लिहीत बसतेस त्यापेक्षा एक वेळेवर ठेवून द्यावी. माझ्या थोरल्याला तिसऱ्या वर्षी एकदाच दिली होती. अजून आठवण काढतो.’

‘ताई, तेच तर,’ मी म्हटलं. ‘त्याला अजून आठवतंय.’

‘मग? स्मरणशक्ती चांगली आहे त्याची.’

पहिल्या मजल्यावरची मोनिका एवढी एकटीच निवेदन शेवटपर्यंत वाचलेली निघाली. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. मला म्हणाली, ‘लीनाताई, खरं सांगू? सुई टोचताना लोकांच्या पोरांशी मी जेवढं गोड बोलते ना, तेवढं घरी ओमशी बोलत नाही.’ ओम तिचा चार वर्षांचा मुलगा. त्याची आजी, म्हणजे मोनिकाच्या सासूबाई, राहीबाई, घोडेगावला शेतावर राहतात आणि दर पंधरवड्याला एसटीने नातवाकडे येतात. त्यांची एक कायमची धमकी आहे: ‘दंगा करशील तर शुक्रवारच्या बाजारात न्हीन आन् म्हशीच्या बदल्यात दिऊन टाकीन.’ ओमला ही कल्पना इतकी पसंत आहे की दर शुक्रवारी तो चपला घालून दारात उभा राहतो. तरी तत्त्व म्हणून मला ती धमकी मान्य नव्हती, आणि मी राहीबाईंना तसं सौम्यपणे सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, ‘बरं.’ आणि मोनिकाकडे वळून म्हणाल्या, ‘ही कोन?’

गटाची पहिली बैठक घ्यायची म्हणजे जागा हवी. आमच्या तळमजल्यावर एक हॉल आहे, आणि हॉलची किल्ली सेक्रेटरी शामकांतकाकांकडे आहे. काका जिल्हा परिषदेतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांच्या मनाला अजून लागू झालेली नाही. त्यांच्याकडे तोंडी काही चालत नाही. एकदा मी ‘काका, खाली पाण्याची मोटर जळतेय’ असं सांगितलं होतं तर त्यांनी ‘कळवलंत ते बरं केलंत, चार ओळी लिहून द्या’ असं उत्तर दिलं होतं.

पहिला अर्ज त्यांनी दोन कारणांसाठी परत केला. एक, मी वर पत्त्यात सवयीने नुसतं ‘नगर’ लिहिलं होतं.

‘नगर कुठलं?’

‘काका, आपलंच.’

‘आपलं बोलण्यात. कागदावर जे नवं नाव राजपत्रात आहे ते.’

दुसरं कारण गंभीर होतं. हॉलच्या नोंदवहीत तीन रकाने आहेत: धार्मिक, सांस्कृतिक, खासगी. सौम्य पालकत्व यांपैकी कशात बसतं ते मी अर्जात स्पष्ट केलं नव्हतं. मी म्हटलं, सामाजिक. काका म्हणाले, असा रकाना नाही. मी म्हटलं, मग खासगी लिहा. तर खासगीत वाढदिवस, साखरपुडा आणि बारसं. माझा त्यापैकी कशाचाच कार्यक्रम नव्हता. शेवटी काकांनी चष्मा काढला आणि मूळ मुद्द्यावर आले. ‘सौम्य म्हणजे नेमकं किती, ताई?’

तो प्रश्न मी अजून अधूनमधून स्वतःला विचारते.

दुसऱ्या अर्जासोबत मी हॉलला लागून असलेल्या फ्लॅटची संमती आणि ‘मुलांकडून नुकसान झाल्यास भरून देईन’ असं हमीपत्र जोडलं. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, पालकांच्या सभेत मुलांचं काय काम? मी म्हटलं, मुलांना सोडून आया येणार कशा? ‘तेच म्हणतोय मी,’ काका म्हणाले, ‘यायचं कशाला?’

जिन्यात बसून रडावं असं वाटलं. तशी बसलेही होते, तर वरून रोहिणीताई उतरल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अगं वेडे, संक्रांत झालीय, रथसप्तमी यायचीय. बोरन्हाण म्हण! सांस्कृतिकमध्ये बसतं. आणि तुझ्या त्या सौम्यबिम्याला कुत्रं येणार नाही, बोरन्हाणाला सगळ्या येतील. आल्या की मग बोल काय बोलायचं ते.’

तिसऱ्या अर्जावर ‘बोरन्हाण’ लिहिलं. तोच हॉल, त्याच बायका, तीच मुलं, तोच रविवार. काकांनी उभ्या उभ्या सही केली आणि खुर्च्या स्वतः लावून देतो म्हणाले.

सुहासने एवढंच विचारलं, ‘म्हणजे तू बोरन्हाणात भाषण करणार?’

‘भाषण नाही. संवाद.’

‘हं,’ तो म्हणाला. लग्नाला सहा वर्षं झाली की माणूस ‘हं’मध्ये पुष्कळ काही बसवू शकतो.

आता बोरन्हाण म्हणजे काय, हे या दृष्टीने मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. लहान मुलाला काळे कपडे घालायचे, गळ्यात-हातात-डोक्यावर हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, आणि मग बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा असं सगळं मापाने भरून त्याच्या डोक्यावर ओतायचं. बाकीच्या मुलांनी ते लुटायचं. पाटावरचं मूल बहुधा भोकाड पसरतं. तेवढ्यात फोटो काढायचा. सौम्य पालकत्वाच्या विरोधात कुणी जाणूनबुजून विधी रचायला बसलं असतं तरी याहून चांगला जमला नसता.

पण मी मागे हटले नाही. मी बोरन्हाणच सौम्य करायचं ठरवलं. पत्रपेट्यांजवळ सूचना लावली. बोरं डोक्यावरून न ओतता खांद्याच्या खालून अलगद सोडावीत. दागिने मुलाची इच्छा असेल तरच घालावेत. रडणाऱ्या मुलाचा फोटो काढू नये. आणि पाटावर बसवण्याआधी प्रत्येक मुलाची संमती घेतली जाईल. दुसऱ्या दिवशी खाली पेनाने कुणीतरी लिहिलं होतं, ‘मग बोरांची पण घ्या.’ अक्षर चौथ्या मजल्यावरचं, मी ओळखलं. पण मनात ठेवलं.

मग मला बियांची काळजी लागली. बोराची बी घशात अडकली तर? शनिवारी सुहासला सुटी असते; दुपारी मी आणि त्याने अडीच किलो बोरांच्या बिया काढल्या. बी काढलेलं बोर कसं दिसतं हे फारसं कुणी पाहिलेलं नसावं. ते बोरासारखं दिसत नाही. परातीत जे जमलं होतं त्याकडे बघत सुहास म्हणाला, ‘हे मुलांच्या अंगावर टाकणार?’ संध्याकाळी तो सायकलवर जाऊन आणखी अडीच किलो घेऊन आला. बियांसकट.

रविवारी पाच वाजता हॉलमध्ये चौदा मुलं, सोळा-सतरा बायका, सहा आज्या आणि एक शामकांतकाका जमले. काका रजिस्टर घेऊन कोपऱ्यात बसले, कारण दहाच्या वर माणसं एका छताखाली आली की ती सभा. राहीबाई घोडेगावहून दुपारच्या एसटीने मुद्दाम आल्या होत्या. येताना शेतातले घाटे आणि शेंगा पिशवी भरून आणल्या होत्या. ओवाळणी झाली. मी पाटासमोर गुडघ्यांवर बसले, कारण मुलाशी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बोलावं असं सगळ्या पुस्तकांत आहे, आणि पहिल्या मुलाला विचारलं, ‘तुझ्या अंगावर आम्ही बोरं टाकली तर तुला चालेल का?’

तो म्हणाला, ‘नको.’

‘ठीक आहे. तुझ्या मताचा आम्ही आदर करतो.’

त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं. ते दागिने तिच्या भावाने श्रीरामपूरहून बसमध्ये मांडीवर धरून आणले होते, एक दाणा न मोडता.

दुसऱ्या मुलीला विचारलं. ‘नको.’ तिसरा, ‘नको.’ चौथीने ‘नको’ म्हणून मलाच उलट विचारलं, ‘तुला चालेल?’ प्रश्न रास्त होता. दोन ते चार वर्षांच्या माणसाला काहीही विचारलं तरी उत्तर ‘नको’ येतं, हे मी दोन पुस्तकांत वाचलं होतं. एकात पेन्सिलने रेघही मारली होती. माझी स्वतःची मुलगी तर मी विचारायच्या आधीच ‘नको’ म्हणाली. पाऊण तास असा गेला. आज्या हातात भरलेली मापं घेऊन उभ्या होत्या. रोहिणीताई जांभई दाबत नव्हत्या.

‘ठराव काय लिहू?’ काकांनी कोपऱ्यातून विचारलं.

‘काका, ठराव नाही. बोरन्हाण आहे.’

‘ते दिसत नाहीये अजून, म्हणून विचारलं.’

शेवटचा ओम. त्याला विचारलं तर तो ‘हो!’ असं ओरडून पाटावर जाऊनच बसला. मला इतका आनंद झाला की मी मापभर बोरं त्याच्या खांद्याच्या खालून अलगद सोडली. ती त्याच्या मांडीत पडली. त्याने एकेक करून खाल्ली. बाकीच्या मुलांनी बघितलं. फार शांत, प्रतिष्ठित असा प्रसंग होता. मग मी म्हटलं, ‘ओम, आता दुसऱ्या कुणाला बसायचं असेल. उठशील का?’

‘नको.’

‘तुला अजून बसावंसं वाटतंय. समजलं मला. पाच मिनिटांनी उठशील?’

‘नको.’

राहीबाईंचं इथे संपलं. ‘आन् मंग? पाटावरनं उठवायचं बी इचारून व्हय?’

‘आजी, आपण त्याच्या निर्णयाचा...’

‘निर्नय? आगं चड्डी सुलटी घालाया येत न्हाई त्याला अजून! सर बाजूला.’

आणि त्यांनी बोरं, घाटे, शेंगा, मुरमुरे, सगळं असलेलं मोठं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि ओमच्या डोक्यावर उपडं केलं.

तेरा नकार एका क्षणात रद्द झाले. चौदा मुलं त्या ढिगावर पडली. कुणाचा पाय कुणाच्या कानात, कुणाचा बाजूबंद कुणाच्या तोंडात. सगळी हसत होती, आया धावत होत्या, आज्या ‘घे घे घे’ करत होत्या. मी वर्षभर माझ्या मुलीला इतकं खूश पाहिलं नव्हतं, हे मला इथे नमूद केलं पाहिजे. ते फार वेळ टिकलं नाही. हलव्याचे दागिने साखरेचे असतात. ओमने भार्गवीच्या डोक्यावरचा मुकुट काढला आणि खायला लागला. भार्गवी त्याच्या हाताला चावली.

ओम किंचाळला. गलका थांबला. आणि सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. दुष्टपणाने नाही. दोन आठवडे मी त्यांना दिवसाला एक लेख पाठवत होते, आता प्रात्यक्षिक बघायला मिळणार होतं. एक जण तर मागून ‘खाली बसा, दिसत नाही’ म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसले. भार्गवीच्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता म्हणाले, ‘भार्गवी, तुला राग आलाय. मला दिसतोय. राग येणं चूक नाही. पण चावल्याने ओमला दुखतं.’

भार्गवीने माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग वळली आणि ओमला त्याच जागी पुन्हा चावली.

आणि मी तिला मारलं.

पाठीतच. हलव्याच्या हाराचा दोरा तुटला आणि पांढरे दाणे फरशीवर टणटणत गेले. तिने मान वळवून पाहिलं. डिसेंबरात पाहिलं होतं तसंच.

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्या माझ्यावर खूश झाल्या. रोहिणीताईंनी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘सुटलीस गं बाई एकदाची! मला तर तुझी भीतीच वाटायला लागली होती.’ कुणी म्हणालं, ‘आता कशी आमच्यातली वाटलात.’ कुणीतरी पाणी आणलं. श्रीरामपूरच्या दागिन्यांवाली, जी पाऊण तास माझ्याकडे बघत नव्हती, ती म्हणाली, ‘मनाला लावून घेऊ नका, सगळे मारतात.’ आधारगट मिळावा म्हणून मी महिनाभर धडपडले होते. तो माझ्याभोवती जमला होता, आणि मला आधार देत होता.

एकट्या राहीबाई चिडल्या होत्या. ‘कशापायी मारलंस लेकराला? लेकरू लेकराला चावनारच की.’

‘आजी, तुम्ही तर म्हशीच्या बदल्यात...’

‘आगं, मी त्वांडानं बोलती. हात न्हाई लावत. चार पोरं वाढवली, इचार मोनिकाच्या नवऱ्याला.’

मी भार्गवीसमोर बसले. या वेळी कुठल्या पुस्तकातल्या पातळीसाठी नाही. म्हटलं, ‘भार्गवी, मी तुला मारलं. माझं चुकलं.’

‘अगं, लेकीची माफी काय मागतेस सगळ्यांसमोर!’ रोहिणीताई म्हणाल्या. ‘डोक्यावर बसेल.’

‘आणि ही पहिली वेळ नाही,’ मी म्हटलं. मी कुणाला सांगत होते मला ठाऊक नाही. समोर भार्गवी होती. ‘डिसेंबरात एकदा मारलं होतं. दुधावरून. सुहासलाही सांगितलं नाही. पुन्हा होऊ नये म्हणून तर हे सगळं... हा गट, ही बोरं. तरी झालं.’ मी हात पुढे केले. ‘जवळ येतेस?’

‘नको,’ भार्गवी म्हणाली, आणि राहीबाईंच्या मांडीवर जाऊन बसली.

तिच्या मताचा आदर करणं भाग होतं.

कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ‘ताई,’ शामकांतकाकांनी घसा साफ केला, ‘हे इतिवृत्तात घ्यायचं का?’

कुणीतरी हसलं. मी हसले नाही, आणि काकाही हसत नव्हते. ‘घ्या,’ मी म्हटलं.

‘माहितीसाठी की ठराव म्हणून?’

‘ठराव म्हणून.’

त्यांनी सावकाश लिहिलं आणि उभं राहून वाचून दाखवलं. ‘सभेच्या संयोजिका सौ. लीना यांनी आपल्या कन्येस चापट मारली, ही चूक असल्याचे त्या मान्य करीत आहेत. पुन्हा तसे होऊ न देणे त्यांना एकटीने जमत नाही, तरी इतरांनी सहकार्य करावे. सूचक, सौ. लीना.’ काकांनी वर पाहिलं. ‘अनुमोदक?’

साडेतीनशे शब्दांत मला जे सांगता आलं नव्हतं ते त्यांनी दोन ओळींत लिहिलं होतं. पंखा फिरत होता. बायका आपापल्या मुलांच्या कपड्यांतले मुरमुरे वेचायला लागल्या. वेचता वेचता जितकं खाली बघता येईल तितकं बघत होत्या.

‘अनुमोदक नसेल तर ठराव पडतो,’ काका म्हणाले. कठोरपणे नाही, नियम असा आहे म्हणून.

‘मी,’ मोनिका म्हणाली. ‘लिहा काका. मोनिका, फ्लॅट नंबर तीन.’

‘तुमचा काय संबंध?’

‘दुपारी ओमला मी पण मारलं. झब्बा घालत नव्हता म्हणून. इथे, दंडावर.’

राहीबाईंनी मान वर केली. ‘कवा?’

‘तुम्ही अजून एसटीत होता तेव्हा.’

‘बग की!’ राहीबाई म्हणाल्या. ‘आन् मला सांगती, आई, पोराला भ्या दावू नका.’

काकांनी मोनिकाचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि सभा संपल्याचं जाहीर केलं. त्या संध्याकाळी नऊ जणींनी गट सोडला. उरलेल्यांनी पाण्याची वेळ विचारली.

हॉल आम्ही दोघींनी झाडला. मोनिका केरसुणी मारता मारता म्हणाली, ‘लेखबिख नका पाठवू, ताई. मला वाचायला वेळ नसतो. असं करू. डोकं फिरलं की पोराला उचलायचं आणि दुसरीच्या दारात आणायचं. दार वाजवायचं. कारण सांगायचं नाही, दुसरीने विचारायचं नाही. वीस मिनिटं.’ मी हो म्हटलं. सुहासला त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. त्याने ‘हं’ म्हटलं नाही. ताट बाजूला सारून तो दुसरी पाळी बदलून मिळते का ते विचारतो म्हणाला. अजून विचारतोय.

दहा दिवस दार कुणीच वाजवलं नाही. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले. पहिली कोण, याची लाज दोघींना होती. मला तर पक्कं वाटायला लागलं की मोनिकाला आता गरज उरली नसणार. तिचं सुधारलं, माझंच राहिलं.

अकराव्या दिवशी, साडेसातच्या सुमारास, भार्गवीने पेला उपडा केला नाही. तो हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश, एका धारेत, दूध माझ्या पायांवर ओतलं. कानांत गरम झालं. मी तिला उचललं, तशीच, दुधाच्या ओल्या पायांनी बाहेर आले आणि जिना उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर वळते तर खालून मोनिका चढत होती. काखेत ओम, तो हातपाय झाडतोय, तिचे केस सुटलेले, एक चप्पल आहे, एक नाही.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ज्या दारात पोर सोडायचं त्या दोन्ही दारांना बाहेरून कड्या होत्या.

‘कारण...’ मी म्हटलं.

‘विचारायचं नाही,’ मोनिका म्हणाली, आणि पायरीवर बसली. मी तिच्या वरच्या पायरीवर बसले.

पायऱ्यांसमोरचं दार शामकांतकाकांचं होतं. ते उघडलं. काकांनी आम्हा चौघांकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, मोनिकाच्या एका चपलेकडे पाहिलं. ‘जिना ही सामाईक जागा आहे,’ त्यांनी सुरुवात केली. ‘इथे बसायचं झालं तर...’ मग थांबले. ‘किती वेळ?’

‘वीस मिनिटं.’

त्यांनी घड्याळ पाहिलं. ‘आठ वाजेपर्यंत,’ असं म्हणून दार लोटून घेतलं. अर्ज मागितला नाही.

मोनिकाने हात पुढे केले. मी भार्गवी तिच्याकडे दिली आणि ओम माझ्याकडे घेतला. तो जड होता, घामेजलेला होता, आणि त्याने नाक माझ्या खांद्याला पुसलं. मला त्याचा अजिबात राग आला नाही. त्याने काय केलं होतं ते मला माहीत नव्हतं, आणि काहीही केलं असतं तरी चाललं असतं. त्याला थोपटत मी तशीच बसून राहिले.

खालच्या पायरीवर भार्गवीने मोनिकाच्या कानाजवळ तोंड नेलं, पण आवाज मुळीच लहान केला नाही. ‘आई वाईट आहे,’ ती म्हणाली.

‘हो का?’ मोनिका म्हणाली. ‘काय करते? सांग मला सगळं.’

आणि भार्गवीने सगळं सांगितलं. मी हातभर अंतरावर बसून ते ऐकलं. तपशिलात दोन-तीन चुका होत्या. मी दुरुस्त केल्या नाहीत.